आईचा एक इंग्रजी शब्द

सांगलीत आम्ही राहत होतो ते घर पिवळं होतं, आणि ते काही कुणी रंगवलं म्हणून नव्हे. खाली एका हळदीच्या व्यापाऱ्याची वखार होती आणि वर आमच्या दोन खोल्या. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांतून काढलेली हळद गाड्या भरभरून यायची, हमाल पोती आपटायचे आणि प्रत्येक पोत्यासरशी पिवळा लोट जिन्यानं वर यायचा. आमच्या धुतलेल्या चादरी पिवळ्या, अण्णांच्या धोतराचे काठ पिवळे, माझ्या वहीची पानं कडांना पिवळी. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की त्यात ती धूळ इतकी हळू तरंगायची की मी पाटावर बसून नुसती बघत राहायची, आणि आई म्हणायची, "सुमे, तोंड मीट, हळद जाईल पोटात." गेली असणारच. आज सगळे जण विचारतात की या वयातही तुम्ही ठणठणीत कशा, तेव्हा मी त्या वखारीचं नाव सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शाळेत संस्कृत शिकवत. माणूस साधा, पण डोक्यात एक वेड पक्कं घर करून बसलेलं. जगातली प्रत्येक भाषा संस्कृतातून निघाली आहे आणि इंग्रजी तर अलीकडेच, अशी त्यांची खात्री होती. 'मदर' म्हणजे मातृ आणि 'डोअर' म्हणजे द्वार, इथपर्यंत कुणी त्यांना हसत नसे. पण 'बटन' हे 'बंधना'तून आलं असं ते सांगू लागले की शाळेतले इंग्रजीचे मास्तर पानाचा तोबरा सावरत बाहेर जायचे. अण्णांना ते कळायचं. कळूनही ते दुसऱ्या दिवशी नवा शब्द घेऊन हजर. लढाई चालू होती, साखर मिळत नव्हती, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या, आणि आमचे अण्णा मात्र जाड बांधणीची एक वही घेऊन इंग्रजांच्या शब्दांचे आईबाप शोधत होते.

त्या वहीसाठी शब्द गोळा करायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी होती. रोज तिन्हीसांजेला दिवा लागला, परवचा झाली, की ते वही दोन्ही हातांत झोळीसारखी धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहायचे आणि मुंजीतल्या बटूसारखा सूर काढून म्हणायचे, "भवति, शब्दं देहि!" मग मी दिवसभरात कुठं वाचलेला इंग्रजी शब्द त्यांना घालायचा. काड्यापेटीवरचा, औषधाच्या बाटलीवरचा, सर्व्हिस मोटारीच्या दारावरचा. मी चौदा वर्षांची होते आणि या खेळासाठी दिवसभर पाट्या वाचत हिंडायची. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती चुलीपुढून मान वर न करता दर वेळी एकच उत्तर द्यायची, "आज घरात काही नाही हो, पुढच्या घरी जा." अण्णा हसायचे, मी हसायची, तव्यावर भाकरी फुगायची. कांद्याची पात घातलेलं पिठलं आणि ती भाकरी, त्यावर कच्चं तेल. त्या वासाची आठवण झाली की अजूनही मला संध्याकाळचीच वेळ वाटते, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो.

आईला एकच नाद होता, क्रोशाचा. तिच्या साताऱ्याच्या माहेरच्या सगळ्याच बायका विणायच्या, पण आईच्या हाताला वेगळीच सफाई होती. लढाईच्या आधी तिच्या भावानं मुंबईहून आणलेली पांढऱ्या दोऱ्याची एक पेटी तिनं जिवापाड जपून ठेवली होती. तो दोरा रेशमासारखा चकाकायचा आणि होता मात्र सुताचा. गुंडीवर कागदाची चिकटपट्टी असायची, तिच्यावर इंग्रजी अक्षरं. एका संध्याकाळी अण्णा नेहमीप्रमाणे वही पसरून उभे राहिले, आणि आईनं पदराला हात पुसले, कमरेला खोचलेली ती चिकटपट्टी काढली आणि भिक्षा वाढावी तशी वहीवर ठेवली. "एवढा चालेल का बघा," म्हणाली. अण्णांनी वाचलं, 'मर्सराइज्ड'. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि आईनं त्यांच्या वेडात पहिल्यांदाच काही टाकलं होतं.

पुढचे तीन दिवस त्यांना जेवण सुचलं नाही. शाळेतला कोश जुनापुराणा, त्यात तो शब्दच नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी आई मोरीत बसून देवाची भांडी चिंचेनं घासत होती, आणि अण्णा एकदम धावत आले, "मृज्! अगं, मृज्!" आईला वाटलं विंचू निघाला. ती भांडी टाकून उभी राहिली. अण्णांनी तिच्याच हातातला तांब्या घेतला आणि म्हणाले, "हे तू काय करत्येस? मार्जन! मृज् म्हणजे घासून उजळणं. केरसुणीला संमार्जनी म्हणतात ती त्यातून. मांजर सारखं अंग चाटून स्वच्छ करतं, म्हणून मार्जार. आणि हा दोरा उजळलेला, म्हणून मर्सर!" आईनं तांब्याकडे पाहिलं, मग दोऱ्याच्या गुंडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगबाई, खरंच की." मलाही ते इतकं पटलं होतं म्हणून सांगू! आजही कधी कधी पितळेचं भांडं घासताना मला ते खरंच वाटतं. काय करणार.

त्याच हिवाळ्यात साताऱ्याच्या एका वाचनालयानं अण्णांना व्याख्यानाला बोलावलं. आयुष्यातलं पहिलंच आमंत्रण. त्यातून सातारा म्हणजे अण्णांची सासुरवाडी. वकील असलेले माझे मामा भाऊजींची थट्टा करण्यात पटाईत होते, आणि आईला ती थट्टा मुकाट्यानं ऐकून घ्यायची सवय झाली होती. या खेपेला आई म्हणाली, मीही येणार. अण्णांनी पंधरा दिवस भाषण लिहिलं. मी चोरून वाचलं. शेवटचा शब्द मर्सराइज्ड हाच होता, आणि त्याच्या वर त्यांनी लिहिलं होतं, "हा शब्द मला माझी पत्नी द्वारका हिने दिला." मी ते तीनदा वाचलं. आईचं नाव द्वारका आहे हे मला ठाऊक होतं, पण ते कुणी उच्चारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिचे भाऊ तिला अक्का म्हणत, शेजारणी मास्तरीणबाई, मी आई, आणि अण्णांच्या लेखी ती "अगं, ऐकलंस का" होती. नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं, अगदी घरातही घ्यायचं नसतं, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. उखाण्यात काय घेतलं असेल ते एकदा, लग्नात. मी धावत जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "काहीतरीच." पण त्या दिवशी तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं.

आम्ही पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. पेट्रोल मिळत नसल्यामुळे तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे एक भट्टी बसवलेली, क्लीनर पंख्याचा दांडा फिरवून ती फुलवायचा, मग मोटार एकदोन आचके देऊन सुरू व्हायची. शेतांवर धुकं पडलं होतं. उसाचे तुरे तेवढे वर दिसत होते, आणि कुठून तरी गुऱ्हाळाचा गोड वास येत होता. मी आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपत होते, जागी होत होते. आई विणत होती. आष्ट्याला एक म्हातारासा माणूस चढला, समोरच्या बाकावर बसला आणि तिच्या हातांकडे एकटक बघू लागला. इस्लामपूरला भट्टीत कोळसा घालायला मोटार थांबली. अण्णा भट्टी बघायला खाली उतरले, त्यांना 'गॅस'ची व्युत्पत्ती हवी होती. तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "वयनी, ह्ये मर्सराइजचं सूत न्हवं?"

आईची सुई थांबली. "तुम्हाला कसं कळलं?"

"आवं, मुंबईला मिलमदी सतरा वरसं त्याच खात्यात व्हतो की. रंगारी मी. ह्यो बगा हात." त्याची नखं झिजून अर्धी झाली होती. "कास्टिक सोड्याच्या पान्यात सूत बुडवायचं. त्ये आकसाय लागतंय, तवा ताणून धरायचं. ताणलं की चकाकतंय. लय जळायचं हाताला."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पण मर्सराइज म्हणजे काय? त्याचा अर्थ काय?"

"आर्थ कसला, पोरी? आडनाव हाय त्ये. विलायतंला मर्सर म्हून एक सायेब व्हता. सायेब कसला, रंगारीच, आमच्यावानी. ही युगत त्येनं काढली, म्हून सुताला त्येचं नाव. आमचा खात्याचा मास्तर म्हनायचा, गड्यांनो, नीट काम करा, एकाद्या दिशी तुमच्या बी नावाचं सूत निगंल. आमी लय हसायचो." तो आताही हसला. त्यानं बोट पुढं करून आईच्या विणकामाला हळूच स्पर्श केला, "झ्याक काढलंय वयनी," म्हणाला, आणि पेठनाक्याला आपलं गाठोडं घेऊन उतरून गेला.

अण्णा परत येऊन बसले होते, हातांना कोळसा लागलेला, चेहरा खुशीत. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. आई खिडकीबाहेर बघत होती. कराड येईपर्यंत तिनं एक टाका विणला नाही. मग मोटारीच्या आवाजात फक्त मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "यातलं एक अक्षर त्यांना सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे."

मामांच्या घरी आमचं स्वागत थाटात झालं. वाटल्या डाळीचं पुरण, कटाची आमटी, वर तूप, आणि मामांची थट्टा. "काय भाऊजी, इंग्रजांचं राज्य गेलं तर त्यांची भाषा तेवढी आपल्याकडे ठेवून घ्यायची ना? आपलीच आहे म्हणता!" अण्णा हसून पानातलं पुरण संपवत होते. मग मामा म्हणाले, उद्या अध्यक्ष म्हणून पुण्याच्या कॉलेजातले एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक येणार आहेत. कास्टिक सोडा! त्या माणसाला सगळं ठाऊक असणार. तो उठून उभा राहील आणि भर सभेत सांगेल, आणि मामा हसतील, आणि सगळा सातारा हसेल. आईच्या गळ्याची शपथ होती. मला तेव्हा खरंच वाटायचं की शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली ते माणूस मरतं. उशीत तोंड खुपसून मी दोन्ही बाजूंचा हिशेब करत राहिले, आणि शेवटी ठरवलं की देवाला समजावून सांगता येईल, सभेला नाही.

सकाळी अण्णा गच्चीवर होते. समोर अजिंक्यतारा, त्याच्या माथ्यावर ऊन नुकतंच पोचलेलं, आणि अण्णा किल्ल्याला उद्देशून भाषण म्हणत होते. मी सगळं सांगितलं. फक्त आईनं ऐकलं हे सांगितलं नाही, ती झोपली होती म्हणाले. अण्णांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग त्यांनी विचारलं, "त्याची नखं झिजली होती म्हणालीस?" मी हो म्हटलं. "मग तो म्हणतो तेच खरं," ते म्हणाले. इतकंच. मला वाटलं होतं ते वाद घालतील, रागावतील. मी म्हटलं, "अण्णा, तेवढा शब्द गाळा ना. बाकी चाळीस आहेत." ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघतो. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस. फार हौसेनं आली आहे ती."

वाचनालयाचा दिवाणखाना भरला होता. बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड एका बाजूला, मी आणि आई त्यांच्यात. अण्णा बोलायला उभे राहिले आणि खरं सांगते, ते सुंदर बोलले. शाळेत अडखळणारा माणूस तो नव्हेच. मी शब्द मोजत होते. एकोणचाळीस झाले, चाळीस झाले. अण्णा थांबले, पेल्यातलं पाणी प्यायले, त्यांनी कागदांची चळत नीट केली. संपलं, मी मनात म्हटलं, सुटलो. पण त्यांनी मान वर केली आणि चिकाच्या पडद्याकडे सरळ बघत म्हणाले, "शेवटचा शब्द मला माझी पत्नी द्वारका हिनं दिला."

सभेत खसखस पिकली. पडद्याआडच्या साऱ्या बायका आईकडे वळल्या. अण्णांनी मार्जन सांगितलं, संमार्जनी सांगितली, मार्जार सांगितलं, सगळं पहिल्या दिवशीच्याच उत्साहात, आणि टाळ्या पडल्या. मामासुद्धा वाजवत होते. मी अध्यक्षांकडे बघत होते, त्यांच्या टाळ्या मधेच थांबल्या होत्या. मी आईचा हात घट्ट धरला. अध्यक्ष भले गृहस्थ, समारोपात त्यांनी तो विषय काढला नाही. पण सभा पांगल्यावर मी अण्णांना बोलवायला गेले, तेव्हा पायऱ्यांवर ते अण्णांना हलक्या आवाजात सांगत होते, "शास्त्रीबुवा, तो शेवटचा शब्द तेवढा पुन्हा पाहा. ते एका माणसाचं आडनाव आहे." अण्णा "मला ठाऊक आहे" म्हणू शकले असते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "असं का? माझ्या वाचनात नाही आलं. तपासतो."

जन्मभर शब्दाच्या खरेपणासाठी लोकांचं हसं सोसणाऱ्या माणसानं त्या दिवशी आपण अडाणी असल्याचं कबूल केलं, आणि मी तिथं उभी राहून ते ऐकलं. मला अण्णांचा राग आला. मग आईचा आला, मग त्या बिचाऱ्या रंगाऱ्याचा. सांगलीला आल्यावर अण्णांनी ती वही ट्रंकेत तळाशी ठेवली. संध्याकाळी दिवा लागला, परवचा झाली, आणि ते उंबऱ्याशी आले नाहीत. मी बरेच दिवस शब्द गोळा करत राहिले, मग सोडून दिलं. कुणी बाई विणकाम बघायला आली आणि दोऱ्याचं कौतुक करू लागली की आई गंभीरपणे सांगायची, "मृज् धातू. ह्यांनी भाषणात सांगितलं होतं." आत वाचत बसलेले अण्णा पुस्तकातून डोकं वर काढत नसत. ती त्यांच्यासाठी खोटं बोलत होती, ते तिच्यासाठी, आणि दोघांच्या मधे मी. पुढं माझं लग्न झालं, मुलं झाली, तरी हे ओझं काही उतरलं नाही.

अण्णा गेल्यावर महिनाभर मी आईजवळ राहिले. एका दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती, आणि मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "आई, तुला एक सांगायचंय. त्या साताऱ्याच्या भाषणाच्या दिवशी सकाळी मी गच्चीवर—"

"सांगितलंस त्यांना. ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "खाली आलीस तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. आणि माझ्याच गळ्याची शपथ होती, मेले!"

मी म्हटलं, "म्हणजे त्यांना ठाऊक होतं हे तुला सभेतच ठाऊक होतं?"

"तर काय. मी म्हटलं, आता गाळतील. ते पाणी प्यायले ना, तेव्हा माझा जीव खालीवर होत होता. गाळावं असंही वाटत होतं, नाही असं नाही." पांढऱ्या लुगड्याचा पदर तिनं सारखा केला. "सुमे, शब्द खरा असता ना, तर त्यांनी शब्दापायी नाव घेतलं असतं माझं. खोटा आहे हे कळलं, आणि तरी घेतलं."

मग ती रडली. अण्णा गेले त्या दिवशी ती रडली नव्हती, आणि सगळ्या बायका त्यावरून कुजबुजल्या होत्या. मी तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्याशी पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "मी एकदा तरी त्यांना सांगायला हवं होतं गं, मला ठाऊक आहे म्हणून."